गर्भ वाहणारा नळीमासा

विशेष प्रतिनिधी, नाहूर

नाहूर स्थानकाच्या पूर्वेला बाहेर पडून द्रुतगती महामार्ग ओलांडला, की इमारती हळूहळू मागे पडतात. पुढे मिठागरे, त्यापलीकडे कांदळवन आणि त्याही पलीकडे ठाण्याची खाडी. हिवाळ्यात रोहित पक्षी पाहण्यासाठी मुंबईकरांची पावले या बाजूला वळतात. ओहोटीच्या वेळी चिखलावर उड्या मारणारे निवटे आणि बिळाबाहेर डोकावणाऱ्या चिंबोऱ्याही नजरेस पडतात. खाडीच्या पाण्यातले जग मात्र गढूळपणामुळे बहुधा झाकलेलेच राहते.

अशाच भरती-ओहोटीच्या, धड गोड नाही आणि धड खारट नाही अशा निमखाऱ्या पाण्यात राहणाऱ्या माशांच्या एका कुळाची ही ओळख आहे. इंग्रजीत त्यांना पाइपफिश म्हणतात. मराठीत नळीमासा म्हणता येईल. आकार वाळक्या गवतकाडीसारखा, नाते थेट समुद्रघोड्याशी, आणि सर्वांत मोठे नवल म्हणजे यांच्यात गर्भ वाहतो तो नर.

इतका विलक्षण मासा घरच्या फिशटँकमध्ये ठेवता आला तर, असा विचार हौशी माणसाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. मात्र भारतात त्याच्या वाटेत कायदा उभा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी घरच्या टाकीत हा मासा बहुतेक वेळा उपासमारीने मरतो. ज्या शरीररचनेमुळे तो नवलाचा ठरतो, त्याच रचनेमुळे तो पाळण्यास कठीण होतो. म्हणून त्याची निगा समजून घेण्याआधी त्याचे शरीर समजून घेणे आवश्यक आहे.

नाव आणि कुळ

पाइपफिश, समुद्रघोडे आणि ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर आढळणारे सी-ड्रॅगन हे सारे ‘सिंग्नॅथिडी’ या एकाच कुळातले. ग्रीक भाषेतील ‘एकत्र जुळलेले जबडे’ अशा अर्थाच्या शब्दांपासून हे नाव बनले आहे. या कुळात तीनशेहून अधिक जाती आहेत. त्यांपैकी चाळीसहून अधिक समुद्रघोडे, तीन सी-ड्रॅगन आणि उरलेला मोठा भाग पाइपफिश व त्यांच्या निकटच्या जातींचा. काही जाती जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर लांबीच्या, तर काही अर्ध्या मीटरहूनही लांब असतात. बहुसंख्य जाती समुद्रातील प्रवाळ, समुद्रगवत आणि शेवाळ यांच्या आश्रयाने राहतात. थोड्या जातींनी खाड्या आणि नद्यांचे मुख जवळ केले आहे.

भारतातील नदी-खाड्यांच्या पाइपफिशची शास्त्रीय नोंद दोनशे वर्षे जुनी आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील स्कॉटिश डॉक्टर आणि निसर्गअभ्यासक फ्रान्सिस हॅमिल्टन (पूर्वाश्रमीचे बुकॅनन) यांनी गंगा आणि तिच्या उपनद्यांतील माशांवर लिहिलेला ग्रंथ १८२२ मध्ये एडिंबरो येथे प्रसिद्ध झाला. त्यात अडीचशेहून अधिक माशांची वर्णने आहेत. ‘कार्से’, ‘कुंकालस’ आणि ‘देओकाता’ ही तीन पाइपफिशची नावे त्याच ग्रंथातून शास्त्रात आली. आज त्यांची पूर्ण नावे अनुक्रमे इक्थिओकॅम्पस कार्से, मायक्रोफिस कुंकालस आणि मायक्रोफिस देओकाता अशी आहेत. यांतील देओकाता ही बंगाल, आसाम आणि बांगलादेशातील गोड्या पाण्याची जात. तिच्या मादीच्या पोटावरील रंगांमुळे परदेशातील शौकिनांनी तिला ‘इंद्रधनुषी पोटाचा पाइपफिश’ असे नाव दिले आणि तिला तेथील बाजारात मागणी निर्माण झाली.

पश्चिम किनाऱ्यावरील वाचकांना अधिक जवळची जात म्हणजे इक्थिओकॅम्पस कार्से. भारत आणि श्रीलंकेपासून इंडोनेशियापर्यंत नद्यांचा खालचा प्रवाह, ओढ्यांचे मुख आणि खाड्या हे तिचे घर. लांबी फार तर पंधरा सेंटिमीटर. रंग मातकट, बुडाशी साचलेल्या पालापाचोळ्यात सहज मिसळणारा. पुढील विवेचनात मुख्यतः हीच जात डोळ्यांसमोर ठेवली आहे. जेथे अन्य जातींवरील संशोधनाचा आधार घेतला आहे, तेथे तसा उल्लेख केला आहे.

खवल्यांऐवजी चिलखत

पाइपफिशच्या अंगावर खवले नसतात. त्यांच्या जागी कातडीखाली हाडांच्या पट्ट्यांची कडी असतात आणि डोक्यामागून शेपटीपर्यंत ही कडी एकापुढे एक रचलेली असतात. हाताला मासा गोल न लागता कंगोरेदार लागतो तो यामुळेच. हे चिलखत भक्षकापासून थोडेफार रक्षण करते. परंतु त्याची किंमत लवचिकतेने मोजावी लागते. इतर मासे अंग वळवून, शेपटीचा फटकारा मारून पोहतात. पाइपफिशला ते फारसे जमत नाही. पाठीवरचा एकच पर वेगाने थरथरवत तो सावकाश पुढे सरकतो. कल्ल्यांजवळचे इवलेसे पर दिशा बदलण्यास मदत करतात. पोटाखालची परांची जोडी या कुळात नसतेच. २०१६ मध्ये समुद्रघोड्याच्या जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा मागील अवयवांच्या वाढीशी संबंधित असलेले एक जनुक या प्राण्यांतून नाहीसे झाल्याचे स्पष्ट झाले.

मंद गतीच्या प्राण्याला लपण्यावाचून गत्यंतर नसते. पाण्यातल्या काडीसारखे तिरके किंवा आडवे राहून, प्रवाहाबरोबर हलके डुलत तो स्वतःला वनस्पतीचाच भाग भासवतो. खाडीतले गढूळ पाणी, कांदळाची मुळे आणि तळाचा कचरा हे त्याचे संरक्षण आहे. स्वच्छ, चकचकीत, दिव्याने उजळलेल्या काचेच्या पेटीत ते संरक्षण एका क्षणात नाहीसे होते.

कल्ल्यांची रचनाही वेगळी आहे. इतर माशांत कल्ल्यांचे तंतू कंगव्याच्या दातांसारखे असतात. येथे ते लहान गुच्छांच्या रूपात असतात आणि कल्ल्याचे उघडे तोंडही बारीक छिद्राएवढे असते. पाण्यातला प्राणवायू कमी झाला किंवा घाण वाढली, तर त्याचा त्रास या माशाला लवकर जाणवतो.

अतिजलद घास, पण पोटच नाही

पुढे आलेली नळीसारखी मुस्कट, तिच्या टोकाला छोटेसे तोंड आणि तोंडात एकही दात नाही, अशी या माशाची खाण्याची साधने. खाद्य म्हणजे पाण्यात तरंगणारे किंवा वनस्पतींवर सरपटणारे सूक्ष्म कवचधारी जीव. भक्ष्य दिसले की मासा हळूहळू त्याच्याजवळ सरकतो, दोन्ही डोळे स्वतंत्रपणे फिरवून अंतराचा अंदाज घेतो आणि मग डोके झटक्याने वर उचलून पाण्यासकट भक्ष्य नळीत ओढून घेतो. ही सारी क्रिया सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी वेळात पूर्ण होते. डोके उचलणाऱ्या स्नायूंच्या कंडरांत ताणलेल्या रबराप्रमाणे शक्ती साठवलेली असते आणि ती एकदम मोकळी होते, म्हणून हा वेग शक्य होतो.

मात्र गिळलेले अन्न साठवण्यासाठी जठर नाही. अन्न थेट आतड्यात जाते आणि पूर्ण पचण्याआधीच पुढे सरकते. परिणामी या माशाला दिवसभर, थोड्या थोड्या वेळाने खावे लागते. खाडीत हे अवघड नसते, कारण तेथील प्रत्येक भरती नवे खाद्य घेऊन येते. घरात सकाळी कामावर जाताना चिमूटभर आणि रात्री परतल्यावर चिमूटभर, या मुंबईच्या वेळापत्रकात हा मासा बसत नाही. त्यातच जे हलत नाही ते त्याच्या दृष्टीने अन्नच नसते. दुकानात मिळणाऱ्या कोरड्या गोळ्या आणि पापुद्रे त्याच्या तोंडासमोरून तळाला गेले तरी तो त्यांकडे ढुंकूनही पाहत नाही.

नराचे गर्भारपण

पुनरुत्पादनाची रीत हा या कुळाचा सर्वांत अभ्यासलेला भाग. मीलनाच्या वेळी मादी आपली अंडी नराच्या अंगावरील विशिष्ट जागी सोपवते आणि तेथेच नर ती फलित करतो. पुढचा सारा काळ अंडी नराच्या ताब्यात असतात. ही जागा प्रत्येक जातीत सारखी नसते. काही जातींत अंडी पोटाच्या उघड्या कातडीला नुसती चिकटलेली असतात, काहींत कातडीच्या दोन घड्या त्यांवर येतात, तर समुद्रघोड्यात पूर्ण बंद पिशवी असते. इक्थिओकॅम्पस कार्सेच्या नरात ही पिशवी शेपटीच्या खालच्या बाजूस असते.

पिशवी म्हणजे केवळ अंडी ठेवण्याची जागा नव्हे. बंद पिशवीच्या जातींत तिच्या आतील अस्तरातून गर्भांना प्राणवायू पोहोचतो, क्षारांचे प्रमाण राखले जाते आणि काही पोषकद्रव्येही पुरवली जातात. जात आणि पाण्याचे तापमान यांनुसार साधारण दोन ते चार आठवड्यांनी पिल्ले बाहेर पडतात. ती आई-बापांची लहान प्रतिकृतीच असतात आणि जन्मल्या क्षणापासून स्वतःचे अन्न स्वतः शोधतात. बापाची जबाबदारी तेथे संपते.

प्राचीन ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने या माशाच्या पोटाखालची फट उघडून पिल्ले बाहेर येतात याची नोंद केली होती. पण गर्भ वाहणारा प्राणी मादीच असणार, हे त्याने गृहीत धरले. हे काम नराचे आहे, हे युरोपीय निसर्गअभ्यासकांच्या ध्यानात येण्यास त्यानंतर दोन हजार वर्षे लागली.

नराकडे गर्भ सोपवल्यामुळे इतर व्यवहारही उलटे झाले आहेत. अनेक जातींत मादी अधिक रंगीत असते, नरासाठी माद्यांमध्ये स्पर्धा होते आणि निवड नर करतो. अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या किंबर्ली पाझोल्ट आणि ॲडम जोन्स यांनी मेक्सिकोच्या आखातातील पाइपफिशवर केलेले संशोधन २०१० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मोठ्या, म्हणजे नराला अधिक पसंत असलेल्या मादीची अंडी असतील तर पिल्ले जगण्याचे प्रमाण जास्त, लहान मादीची असतील तर कमी, असे त्यात दिसून आले. त्याच वर्षी स्वीडनमधील संशोधकांनी युरोपीय जातीचा नर पिशवीतील गर्भांपासून पोषकद्रव्ये शोषूनही घेतो, हे दाखवून दिले. पित्याच्या वात्सल्याची गोड कथा सांगताना हिशेबाची ही बाजूही ध्यानात ठेवायला हवी.

आणखी एक प्रश्न वैद्यकशास्त्रालाही महत्त्वाचा वाटतो. अर्धा परका असलेला गर्भ बापाच्या शरीराने नाकारायला हवा. तो स्वीकारला कसा जातो? जर्मनीतील कील येथील संशोधकांच्या २०२० मधील अभ्यासानुसार, या कुळात नराचे गर्भारपण जसजसे विकसित होत गेले, तसतसे रोगप्रतिकारव्यवस्थेतील काही महत्त्वाच्या जनुकांत बदल झाले किंवा ती गळून पडली. गर्भ सांभाळण्यासाठी शरीराने आपल्या संरक्षणाचा काही भाग सोडून दिला, असा त्याचा अर्थ लावला जातो.

आधी कायदा

भारतात या माशाचा विचार वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ला वगळून करता येत नाही. तामिळनाडूच्या किनाऱ्यावरून वाळवलेले समुद्रघोडे आणि पाइपफिश पूर्व आशियातील पारंपरिक औषधांच्या बाजारात जात असत. या व्यापारामुळे केंद्र सरकारने २००१ मध्ये केवळ समुद्रघोडे नव्हे, तर संपूर्ण सिंग्नॅथिडी गट कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत समाविष्ट केला. वाघाला ज्या अनुसूचीचे संरक्षण आहे तीच ही अनुसूची. या अनुसूचीतील प्राण्यासंबंधीच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

या कायद्यात २०२२ मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. सहा अनुसूचींच्या जागी चार आल्या आणि प्राण्यांच्या याद्या नव्याने लावल्या गेल्या. त्यामुळे कोणती जात आज नेमकी कोठे आहे, याची खातरजमा वनविभागाकडूनच करून घ्यावी. ‘हा गोड्या पाण्यातला आहे, याला कायदा लागू नाही’ किंवा ‘हा बाहेरून आलेला आहे’ यासारख्या तोंडी आश्वासनावर विसंबून कोणताही पाइपफिश वा समुद्रघोडा विकत घेऊ नये. समुद्रघोड्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापारही २००४ पासून ‘साइट्स’ कराराच्या नियंत्रणाखाली आहे.

टाकीत काय लागते?

मग निगेची माहिती कशासाठी, असे कोणी विचारील. परवानगी असलेली सार्वजनिक मत्स्यालये आणि संशोधनसंस्था यांना ती लागते. परदेशात बंदिस्त पैदाशीचे पाइपफिश पाळणाऱ्या मराठी शौकिनांनाही ती उपयोगी पडेल. शिवाय निमखाऱ्या पाण्याची टाकी कोणत्याही माशासाठी लावायची असली तरी यातील बहुतेक नियम तेच राहतात.

टाकी : ऐंशी ते शंभर लिटर पाणी मावेल अशी, उंचीपेक्षा लांबीला अधिक असलेली टाकी हवी. तळाला बारीक वाळू. लपण्यासाठी भरपूर वनस्पती आणि फांद्या. हलका खारटपणा सोसणाऱ्या व्हॅलिस्नेरिया आणि जावा फर्न या वनस्पती चालतात. सजावटीसाठी खाडीतून कांदळाची मुळे तोडून आणू नयेत. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवनाचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावरील आघात ठरवला आहे. दिवा मंद ठेवावा आणि टाकीवर झाकण असावे.

पाणी : मुंबईला मिळणाऱ्या पाण्याचा मोठा भाग नाहूरच्या शेजारच्याच भांडुप संकुलात शुद्ध केला जातो. तलावांत साठलेले हे पावसाचे पाणी मुळात मऊ असते, पण त्यात क्लोरिन असते आणि क्लोरिन माशांच्या कल्ल्यांना घातक आहे. पाणी उघड्या बादलीत रात्रभर हवेचा पंप लावून ठेवावे किंवा सोडियम थायोसल्फेटचे थेंब वापरावेत. खारेपणासाठी स्वयंपाकातले आयोडिनयुक्त मीठ चालत नाही. सागरी टाक्यांसाठी मिळणारे मिश्रणच घ्यावे. खाडीच्या जातीसाठी हायड्रोमीटरवर १.००५ ते १.०१० च्या दरम्यानचे माप योग्य. टाकीतले पाणी उडून जाते तेव्हा मीठ मागेच राहते. म्हणून रोजची तूट गोड्या पाण्याने भरावी. खारे पाणी ओतत राहिल्यास खारेपणा नकळत चढत जातो.

तापमान : चोवीस ते अठ्ठावीस अंश सेल्सिअस. मुंबईत हीटरची गरज क्वचितच भासते. अडचण येते ती एप्रिल-मेमध्ये. बंद सदनिकेत पाणी तिशीच्या वर जाते, आणि पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी. पृष्ठभागावर छोटा पंखा सोडल्यास पाणी दोन-तीन अंशांनी उतरते.

गाळणी : नवी टाकी लावल्यावर लगेच मासे सोडू नयेत. माशांच्या विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू गाळणीत रुजण्यास चार ते सहा आठवडे लागतात. पाइपफिशसाठी स्पंजची गाळणी उत्तम, कारण तिचा ओढा मंद असतो. जोरदार प्रवाहात हा मासा टिकत नाही. अगदी बारीक बुडबुड्यांचा मारा टाळावा. पिशवीत किंवा कातडीखाली वायू साचण्याचा विकार या कुळात होतो. आठवड्याला वीस ते पंचवीस टक्के पाणी बदलावे.

अन्न : खरी कसोटी येथेच लागते. दिवसातून किमान तीन-चार वेळा जिवंत अन्न द्यावे लागते. सर्वांत सोयीचे म्हणजे आर्टेमिया. याची सुकी अंडी खाऱ्या पाण्यात, हवा आणि उजेड देत ठेवली की चोवीस ते छत्तीस तासांत जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीची पिल्ले निघतात. ती ताजी असतानाच खाऊ घालावीत. वेळ जाईल तसा त्यांतला पोषक अंश ती स्वतःच संपवतात. मोठ्या झालेल्या आर्टेमियाला हिरव्या सूक्ष्म शेवाळावर पोसून मगच माशाला द्यावे. डॅफ्निया, मॉइना आणि सायक्लॉप्स हे गोड्या पाण्यातले जीवही चालतात. डासांच्या अळ्या पाइपफिशला आवडतात. पण गच्चीवर पिंपात अळ्या वाढवण्याचा उद्योग करू नये. महापालिकेचे कीटकनाशक पथक दारात येईल आणि दंड भरावा लागेल. शेजाऱ्यांच्या आरोग्याचा धोका तो वेगळाच.

आर्टेमिया हा नाहूरकरांना दूरचा जीव नाही. मिठागरांच्या अतिखाऱ्या पाण्यात तो राहतो आणि मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांतून त्याची नोंद १९५० च्या दशकातच झाली आहे.

सोबती : चपळ माशांबरोबर पाइपफिश उपाशी राहतो. तो अन्नाचा अंदाज घेत असतो तोवर इतरांनी ते संपवलेले असते. म्हणून त्याची टाकी स्वतंत्रच असावी. खेकडे आणि शेपटीचे लचके तोडणारे मासे तर मुळीच नकोत.

आजार : मुस्कटाच्या टोकाची कुज, कातडीवरचे पांढरे डाग, व्हिब्रिओ जिवाणूंचा संसर्ग हे नेहमीचे आजार. बहुतेकांचे मूळ घाण पाण्यात किंवा अर्धपोटी राहण्यात असते. पोटाची बाजू आत गेलेली, कंगोरे टोकदार दिसू लागलेले आणि भक्ष्य समोर असूनही डोके न उचलणारा मासा बहुधा हातचा गेलेला असतो. उपासमार सुरू झाल्याचे पहिले चिन्ह दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, हेच या माशाचे दुर्दैव.

पिल्ले वाढवणे त्याहून बिकट. त्यांना लागणारे अन्न आर्टेमियाहूनही बारीक असू शकते, आणि नदीमुखातील काही जातींच्या पिल्लांना वाढीच्या काळात पाण्याचा खारेपणा बदलत जावा लागतो.

हौशी माणसाने काय करावे?

पित्याचे अपत्यसंगोपन घरात पाहायचे असेल, तर कायदेशीर आणि सोपे मार्ग उपलब्ध आहेत. कोणत्याही दुकानात मिळणारा फायटर मासा घ्या. त्याचा नर पृष्ठभागावर बुडबुड्यांचे घरटे बांधतो, मादीने घातलेली अंडी तोंडाने उचलून त्यात ठेवतो आणि पिल्ले पोहू लागेपर्यंत पहारा देतो. त्या काळात मादीला वेगळे काढावे लागते, नाहीतर नर तिला जखमी करतो.

सागरी टाकीचा अनुभव असलेल्यांसाठी क्लाऊनफिश आहे. अंड्यांना पंख्याप्रमाणे परांनी वारा घालण्याचे काम यातही मुख्यतः नर करतो. गटातील मादी मेली तर तिचा जोडीदार नरच मादीत रूपांतरित होतो, हे या माशाचे आणखी एक नवल. नाहूरहून ऐरोली पूल ओलांडला की पलीकडे वनविभागाच्या कांदळवन कक्षाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या साहाय्याने तेथे क्लाऊनफिशच्या पैदाशीचे काम झाले आहे. प्रवाळांवरून पकडून आणलेल्या माशापेक्षा टाकीत जन्मलेला मासा घेणे केव्हाही चांगले. तो टाकीतल्या अन्नाला सरावलेला असतो आणि समुद्रातला एक मासा समुद्रातच राहतो. विकत घेताना ‘पैदाशीचा की पकडलेला’ हा प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी.

आणि एक पथ्य. कंटाळा आला म्हणून टाकीतले मासे खाडीत, नाल्यात किंवा तलावात सोडू नयेत. परके मासे आणि त्यांचे रोग स्थानिक माशांच्या मुळावर येतात.

जाळ्यात आला तर

खाडीत लावलेल्या बोक्षीसारख्या बारीक आसाच्या जाळ्यांत कोलंबी-करंदीबरोबर नको असलेले कितीतरी जीव येतात आणि काडीएवढा नळीमासा त्यात कचरा म्हणून फेकला जाण्याची शक्यता अधिक. असा मासा जिवंत दिसल्यास ओल्या हाताने, पाण्याबाहेर कमीत कमी वेळ ठेवून लगेच त्याच पाण्यात सोडावा. बाटलीत घालून घरी आणू नये. कोठे त्यांची विक्री होताना आढळल्यास वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे.

शेवटी खाडीच

इतके सारे वाचल्यावर एक गोष्ट स्पष्ट होते. ताशी बदलणारा खारेपणा, दिवसातून दोन वेळा येणारे ताजे खाद्य, लपायला मुळांची गुंतवळ, मंद उजेड आणि घाण वाहून नेणारी ओहोटी या साऱ्याची नक्कल करण्यासाठी माणसाला पंप, गाळणी, हायड्रोमीटर आणि दिवसभराची सवड लागते. खाडी हे सारे फुकट करते.

ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये रोहित पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. सुमारे १,६९० हेक्टरांच्या या क्षेत्रात निम्म्याहून अधिक कांदळवन आहे. २०२२ मध्ये त्याला ‘रामसर’ पाणथळ जागेचा दर्जाही मिळाला. मात्र अभयारण्याची रेषा जेथे संपते तेथे खाडी संपत नाही. धारावीच्या पुनर्वसनासाठी कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंड येथील सुमारे २५५ एकर मिठागरांची जमीन देण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ मध्ये घेतला आणि त्यावरून पर्यावरणप्रेमी व प्रशासन यांच्यात वाद उभा राहिला. एका बाजूला घराची गरज आहे, दुसऱ्या बाजूला भरतीचे आणि पावसाचे पाणी सामावून घेणारी सखल जमीन. या निर्णयाचे बरे-वाईट परिणाम नाहूरच्या रहिवाशांनाच सर्वांत आधी दिसणार आहेत.

रोहित पक्षी दुरून दिसतो, म्हणून त्याच्यासाठी माणसे जमतात. काडीसारखा दिसणारा आणि दिसूच नये म्हणून तसा घडलेला मासा कोणाच्या नजरेत भरत नाही. त्याला काचेआड आणून पाहण्यापेक्षा, तो जेथे न दिसता जगू शकतो ते पाणी राखणे हीच त्याची खरी निगा.

एका दृष्टिक्षेपात

शास्त्रीय नाव : इक्थिओकॅम्पस कार्से (हॅमिल्टन, १८२२)
कुळ : सिंग्नॅथिडी (समुद्रघोडा, पाइपफिश, सी-ड्रॅगन)
लांबी : कमाल सुमारे १५ सेंटिमीटर
आढळ : भारत व श्रीलंकेपासून इंडोनेशियापर्यंत, नद्यांचा खालचा प्रवाह, खाड्या
अन्न : सूक्ष्म कवचधारी जीव, फक्त हलते, जिवंत भक्ष्य
पुनरुत्पादन : नराच्या शेपटीखालील पिशवीत अंड्यांची वाढ
टाकीतील तापमान : २४ ते २८ अंश सेल्सिअस
टाकीतील खारेपणा : १.००५ ते १.०१० (हायड्रोमीटरचे माप)
कायदा : २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या कक्षेत, २०२३ पासून लागू झालेल्या नव्या अनुसूचींची खातरजमा वनविभागाकडे करावी